गोळी सापडली, पण कुठे? – अमेरिकेतली जुनी रणांगणं आणि शेतं खणताना

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मेरीलँडमध्ये फ्रेडरिक गावाच्या दक्षिणेला, मोनोकसी नदीच्या काठी बेस्ट फार्म नावाचं एक शेत आहे. आता ते मोनोकसी रणांगणाच्या राष्ट्रीय उद्यानात येतं, पण बघणाऱ्याला नुसतं शेतच दिसतं. जुनी घरं, कोठार, पुढे उभं पीक, पलीकडे गाड्यांचा आवाज. या एका जमिनीवर अमेरिकेचा किती इतिहास साचलाय हे कळल्यापासून मी या विषयाच्या नादाला लागलोय, आणि मराठीत कोणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून हा धागा.

आधी लष्करी बाजू. अमेरिकेचं यादवी युद्ध (१८६१-६५), म्हणजे उत्तरेची राज्यं विरुद्ध गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेची राज्यं. सप्टेंबर १८६२ मध्ये जनरल लीची दक्षिणेची फौज इथे तळ ठोकून होती. ती पुढे सरकली आणि मागून आलेल्या उत्तरेच्या शिपायांना फ्रेडरिकजवळ गवतात सिगारांभोवती गुंडाळलेला एक कागद मिळाला, तो निघाला लीचा गुप्त हुकूम, कुठली तुकडी कुठे जाणार सगळं त्यात. चारच दिवसांनी अँटिएटमची लढाई झाली, एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३००० मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. मग १८६४ च्या ९ जुलैला खुद्द या शेतावरच लढाई. उत्तरेच्या लू वॉलेसकडे सहा हजारांच्या आसपास माणसं, समोर राजधानी वॉशिंग्टनवर चालून निघालेली दक्षिणेच्या जुबल अर्लीची दुपटीहून मोठी फौज, वॉलेस हरला पण त्याने अर्लीचा एक अख्खा दिवस खाल्ला आणि तेवढ्या वेळात वॉशिंग्टनला कुमक पोचली. बेस्ट कुटुंब ही जमीन कुळ म्हणून कसत होतं. दक्षिणेचे नेमबाज त्यांच्या कोठारात दडून गोळ्या झाडत होते म्हणून उत्तरेच्या तोफांनी ते कोठारच पेटवलं. धान्य, गवत, अवजारं, सगळं गेलं. लढाईच्या पुस्तकात याला एक ओळ मिळते, त्या घरासाठी ते अख्खं वर्ष होतं.

आता शेताची बाजू, जी मला जास्त अस्वस्थ करते. १७९० च्या दशकात सेंट-डोमिंगमधून, म्हणजे आजच्या हैतीतून, तिथल्या गुलामांच्या उठावातून पळून आलेलं व्हिन्सेंदिएर नावाचं फ्रेंच कुटुंब इथे आलं. मळ्याला त्यांनी लर्मिताज नाव दिलं, मालकी व्हिक्टोअर नावाच्या तरुण मुलीच्या नावे. १८०० च्या जनगणनेत या एका मळ्यावर ९० गुलाम नोंदलेत. त्या भागात मुख्यतः गहू पिकायचा आणि गव्हाच्या शेतीला एवढी माणसं कशाला लागतील हा प्रश्न अभ्यासकांना अजून पडतो. १७९८ मध्ये नीमसेविच नावाचा एक पोलिश प्रवासी इथून गेला, त्याने रस्त्यावरून दिसणारी छळाची साधनं रोजनिशीत लिहून ठेवली आणि या घराण्याच्या क्रौर्याबद्दल काय काय ऐकलं तेही लिहिलं.

पण ती नव्वद माणसं राहायची कुठे? जमिनीवर काहीही शिल्लक नव्हतं. पार्क सर्व्हिसच्या (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या) पुरातत्त्वज्ञांना २००० नंतरच्या शोधात मागमूस लागला आणि २०१० मध्ये मोठं उत्खनन झालं. एका ओळीत सहा घरं निघाली, प्रत्येक साधारण ३४ फूट बाय २० फूट. भिंती नाहीत, चुलाण्यांचे दगड, मातीतले डाग, खापरं, गुरांची हाडं, बटणं. आणि ती ओळ अशी की मालकाच्या घरातून आणि रस्त्यावरून सगळ्यांना सारखी नजरेत राहील. झाडाआड वगैरे नाही, मुद्दाम समोर. हे कुठल्याही कागदात असं लिहिलेलं नाही, ते जमिनीवरच्या मांडणीतून कळतं.

मी सवड मिळेल तसा अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून जातो, मुख्यतः चाळणीवर. काम असं: ठरावीक अंतरावर, बहुतेक १५-२० मीटरवर, फावड्याने हात-दीड हात रुंदीचा गोल खड्डा घ्यायचा, खालची न हललेली माती लागेपर्यंत. निघालेली सगळी माती पाव इंची जाळीच्या चाळणीतून काढायची. दोघं दोन बाजूंनी चाळणी हलवतात, चिकणमाती असेल तर हाताने चोळून पाडावी लागते, बोटांची सालं निघतात. जाळीवर राहतात खडे, मुळं, आणि मध्येच एखादा गंजून फुगलेला चौकोनी खिळा, निळ्या काठाच्या बशीचा नखाएवढा तुकडा. ते कागदी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर खड्ड्याचा नंबर, थर, खोली, तारीख. पिशवीवर नंबर नसेल तर आतल्या वस्तूला काडीची किंमत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्या उद्योगात वस्तू ही दुय्यम, ती नेमकी कुठे पडली होती हीच खरी गोष्ट. लढाईची गोळी बाजारात किरकोळ पैशांना मिळते. पण ती कुठल्या बांधाजवळ, किती खोल, कुठल्या दिशेने आली, शेजारी काय होतं, हे एकदा पुसलं की परत मिळत नाही. तुम्हाला काय वाटतं? कोणी अशा जागा पाहिल्या असतील तर जरूर लिहा.

---

टिपूर

वा दादा, मस्त धागा. वाचताना लर्मिताजपाशी थांबावं लागलं. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

खडकवाट

माहितीपूर्ण लेख पण एक प्रामाणिक शंका. अमेरिकेचा हा सगळा इतिहास दोन-अडीचशे वर्षांचा, त्यांच्याकडे जनगणना आहे, लष्कराचे रिपोर्ट आहेत, नकाशे आहेत, फोटोसुद्धा आहेत. मग खणायची गरज काय? हडप्पा खणणं समजू शकतो, तिथे वाचता येईल असं काही नाही. १८६४ चं शेत खणून काय नवीन कळणार?

---

कंदील

खडकवाट, तुमच्या शंकेचं उत्तर माँटॅनात आहे, लिटल बिगहॉर्नच्या रणांगणात. आम्ही बरीच वर्षं नेब्रास्कात काढली, तिथल्या उत्खननाचं केंद्र असलेलं पार्क सर्व्हिसचं मिडवेस्ट आर्किऑलॉजिकल सेंटर तिथल्या लिंकन शहरातच होतं त्यामुळे या विषयावर तिथे बरंच ऐकायला मिळायचं. जरा मोठं लिहिते.

२५ जून १८७६, अमेरिकन घोडदळाचा अधिकारी कस्टर आणि त्याच्याबरोबरचे सुमारे २१० जण लकोटा, शायेन या आदिवासी जमाती आणि त्यांच्या मित्रांच्या हातून मारले गेले. कस्टरच्या बाजूचं कोणी वाचलं नाही. मग पुढची शंभर वर्षं काय, तर टेकडीवर मधोमध कस्टर उभा, भोवती शूर शिपाई शेवटच्या गोळीपर्यंत लढतायत असं चित्र, दारूच्या दुकानात लावायच्या पोस्टरपासून सिनेमापर्यंत. आणि ज्यांनी ती लढाई प्रत्यक्ष लढली, जिंकली, त्या लकोटा-शायेन लोकांनी जे सांगितलं ते गोंधळाचं, परस्परविरोधी म्हणून बाजूला टाकलं गेलं. म्हणजे कागद होते हो, पण कोणाचे कागद धरायचे ते आधीच ठरलेलं होतं.

ऑगस्ट १९८३ मध्ये तिथलं गवत वणव्यात जळून गेलं आणि जमीन उघडी पडली. पुरातत्त्वज्ञ रिचर्ड फॉक्सने आधी पाहणी केली आणि १९८४-८५ मध्ये डग्लस स्कॉट आणि फॉक्सने मोठी मोहीम काढली. त्यांनी केलं काय, तर मेटल डिटेक्टरवाल्या हौशी लोकांना बोलावलं. तोपर्यंत पुरातत्त्ववाले डिटेक्टर म्हटलं की नाक मुरडायचे, ते चोरांचं हत्यार. पण यांनी माणसं एका रांगेत उभी केली, साधारण पाच-पाच मीटरवर, रांग पुढे सरकायची, बीप वाजला की झेंडी रोवायची आणि पुढे जायचं, खणायचं नाही. मागून दुसरी टोळी हळूच माती बाजूला करायची, वस्तू जागेवरच ठेवायची. तिसरी टोळी येऊन यंत्राने तिची जागा मोजायची, गोळी असेल तर ती कुठल्या दिशेला तिरकी रुतलीय तेही लिहायचं, मगच उचलायची. अशा सुमारे ५००० वस्तू मिळाल्या.

आता गंमत बघा. बंदुकीचा घोडा पडला की फायरिंग पिन पुंगळीच्या बुडावर ठसा उमटवते, आणि प्रत्येक बंदुकीचा ठसा वेगळा. पोलीस खुनाच्या तपासात वापरतात तेच. स्कॉटने सापडलेल्या पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली लावल्या. त्यामुळे एकच बंदूक आधी या उतारावर उडाली, मग तिकडच्या धारेवर गेली, मग शेवटी टेकडीजवळ आली असा एका नाव नसलेल्या माणसाचा माग जमिनीवर काढता आला, शंभरहून जास्त वर्षांनी! शिपायांकडे १८७३ ची स्प्रिंगफील्ड कार्बाइन (घोडेस्वाराची आखूड बंदूक), एका वेळी एक गोळी. समोरच्यांकडे धनुष्यबाण होतेच पण हेन्री आणि विंचेस्टरसारख्या पटापट उडणाऱ्या बंदुकाही भरपूर होत्या. कॅल्हून टेकडीजवळच्या एका जागी हेन्रीच्या पुंगळ्या एवढ्या सापडल्या की तिचं नाव हेन्रीव्हिल पडलं.

फॉक्सने यावरून जे मांडलं ते असं, की सुरुवातीला शिपायांची फळी दिसते, ठरावीक अंतरावर पुंगळ्या. मग फळी मोडते, माणसं घोळक्याने एकत्र येतात, पळतात, आणि शेवटच्या भागात शिपायांच्या कार्बाइनच्या पुंगळ्या फारच थोड्या. म्हणजे शेवटपर्यंत खंबीर लढाई असं नाही, शिस्त कोसळली आणि मग फार पटकन संपलं. आणि हेच शायेन-लकोटा म्हातारे सांगत होते. त्यांचं खोटं नव्हतं, कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

दुसरं, कार्बाइन गरम होऊन पुंगळी अडकायची म्हणून कस्टर हरला असंही एक म्हणणं होतं. चाकूने उचकटून काढलेल्या पुंगळ्यांवर ओरखडे राहतात, ते शोधले तर अगदी थोड्यांवर मिळाले. संपलं.

---

खडकवाट

कंदील ताई, पटलं. पुंगळीच्या ठशावरून एका माणसाचा माग काढता येतो हे माहीतच नव्हतं.

---

ओसरी

आम्ही गेल्या उन्हाळ्यात लिटल बिगहॉर्नला जाऊन आलो. उतारावर पांढरे संगमरवरी दगड इकडेतिकडे विखुरलेत, प्रत्येक दगड म्हणजे एक शिपाई पडला ती जागा असं सांगितलं. पण दगड जास्त आणि मेलेले कमी आहेत ना? तिथल्या पाटीवर असंच काहीतरी होतं.

---

कंदील

बरोबर ओसरी. दगड आहेत २५० च्या आसपास आणि त्या भागात मेलेले सुमारे २१०. दगड बसवले १८९० मध्ये, तोपर्यंत घाईत पुरलेली प्रेतं पुन्हा पुन्हा पुरून झाली होती. बरेच दगड जोडीजोडीने आहेत. उत्खननात काही जोड्यांच्या खाली बघितलं तर दोन दगडांखाली बहुतेक वेळा एकाच माणसाची हाडं. तर्क असा की प्रेतावर माती ओढताना दोन्ही बाजूंनी खणलं गेलं, दोन खळगे राहिले, आणि दगड बसवणाऱ्यांना ती दोन थडगी वाटली.

एका ठिकाणी कवटीच्या चेहऱ्याकडचे तुकडे मिळाले, दातांची झीज पाइप तोंडात धरणाऱ्याची. ते तुकडे जुन्या फोटोवर बसवून बघितले, आणि तो निघाला मिच बोयर, कस्टरचा वाटाड्या, बाप फ्रेंच, आई सू जमातीची (लकोटांच्या भावकीतली). दोन्हीकडचा आणि कुठलाच नाही असा माणूस. बाकी शिपायांची हाडं बघून वाईट वाटतं. विशीतली मुलं, पण घोड्यावर बसून बसून मणके झिजलेले, दातांवर तंबाखू आणि कॉफीचे डाग.

या जागेचं नाव आधी कस्टरच्या नावाने होतं, ते १९९१ मध्ये बदलून लिटल बिगहॉर्न केलं, आणि तिथे लढलेल्या आदिवासींचं स्मारक व्हायला २००३ उजाडलं.

---

माळरान

कंदील ताई, तुमचे प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहेत. खडकवाट यांच्या प्रश्नात मी एकच भर घालतो, फोर्ट नेसेसिटी. पेन्सिल्व्हेनियात १७५४ च्या ३ जुलैला तेव्हा ब्रिटिशांकडून लढणाऱ्या बावीस वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनने फ्रेंचांपुढे शरणागती पत्करली ती जागा. अमेरिकेतला सगळ्यात जास्त लिहिला गेलेला माणूस, आणि तरी त्याचा मेढेकोट कुठल्या आकाराचा होता यावर दीडशे वर्षं वाद. एकोणिसाव्या शतकात मोजणीवाल्यांनी बाहेरचे मातीचे उंचवटे बघून कोणी त्रिकोणी ठरवला, कोणी चौकोनी, आणि १९३० च्या दशकात त्यावरून प्रतिकृतीही बांधली. मग १९५२-५३ मध्ये पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टनने खणलं. ओलसर जमीन, त्यामुळे खांबांची खालची टोकं मातीत टिकून होती. कोट निघाला गोल, व्यास सुमारे ५३ फूट. आणि तेव्हाच्या एका शिपायाने शपथेवर गोल असंच सांगून ठेवलं होतं! कागद होता, पण खांब सापडेपर्यंत तो खरा की दुसरा खरा हे ठरवणार कसं? प्रतिकृती पाडून पुन्हा गोल बांधली, आता गेलात तर तीच दिसते.

---

पाणवठा

खूप छान चर्चा. मला तांत्रिक प्रश्न आहे. नाणं सापडलं तर वर्ष कळतं, पण खापर, खिळे, काचा यांच्यावरून काळ कसा ठरवतात? नांगरट झालेल्या शेतात तर सगळं वरखाली झालेलं असणार ना?

---

माळरान

पाणवठा, चांगला प्रश्न, आणि यातच मला सगळ्यात जास्त मजा येते.

खिळा: लोहाराने हाताने घडवलेला असेल तर चारही बाजूंनी निमुळता, डोक्यावर हातोड्याचे ठोके दिसतात, साधारण १८०० च्या आधीचा. पत्र्यातून यंत्राने कापलेला असेल तर दोनच बाजू निमुळत्या, तो १७९० च्या दशकापासून पुढचं जवळपास शतकभर. आणि गोल तारेचा, आज आपण वापरतो तो, १८९० च्या सुमारास सगळीकडे झाला. त्यामुळे गोठा पडून गेला, पाया गेला, तरी नुसते खिळे वेगळे करून मांडले की तो कधी बांधला आणि कधी दुरुस्त केला याचा अंदाज येतो.

खापर: फिकट पिवळसर क्रीमवेअर वेजवुड या इंग्लिश कुंभाराने १७६० च्या दशकात बाजारात आणलं, मग निळसर झाक असलेलं पर्लवेअर, मग पांढरं व्हाइटवेअर. शेतकऱ्याच्या घरच्या उकिरड्यात हे थर नीट लागतात.

तंबाखू ओढायचे मातीचे पाइप: हे सगळ्यात भारी. वर ज्या हॅरिंग्टनचं लिहिलं त्यानेच १९५४ मध्ये दाखवलं की सतराव्या-अठराव्या शतकात पाइपची दांडी लांबत गेली तसं तिच्यातलं भोक बारीक होत गेलं. ड्रिलच्या पात्यांचा संच घ्यायचा, भोकात कुठलं पातं बसतं ते बघायचं, माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात, १६०० च्या सुमारास नऊ, १८०० च्या जवळ चार. मग लुइस बिनफर्डने त्याचं सूत्र केलं, सरासरी भोकाला ३८.२६ ने गुणा आणि १९३१.८५ मधून वजा करा, वर्ष येतं. म्हणजे सरासरी ५ आली तर साधारण १७४०. तुकडे भरपूर हवेत, दोन-चारावर करून उपयोग नाही, आणि १८०० नंतर हे चालत नाही.

नांगरटीबद्दल: वरचा वीत-दीड वीत थर ढवळला जातो हे खरं, खोलीची माहिती जाते. पण आडवी हालचाल लोकांना वाटते त्यापेक्षा कमी होते, वस्तू वर्षानुवर्षं नांगरूनही बहुधा मूळ जागेपासून काही मीटरवरच राहतात. त्यामुळे नांगरलेल्या शेतातही खापरांचा दाट पट्टा दिसला की तिथे घर होतं. मोनोकसीची जमीन दोन शतकांहून जास्त कसली गेलीय, तरी ती सहा घरं सापडली ना.

---

रानजाई

माझं माहेर जालना जिल्ह्यातलं. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई नदीच्या मधलं रान, आज सगळी शेती. कंदील ताईंनी लिहिलेली ती झेंड्यांची रांग वाचताना सारखं तेच रान डोळ्यासमोर येत होतं. शिंद्यांच्या तोफा नेमक्या कुठे होत्या, पायदळाने तोंड कसं फिरवलं, हे आपण अजून इंग्रज सेनापती वेलेस्लीच्या बाजूच्या कागदांवरूनच सांगतो. आपल्याकडे कोणी अशी ग्रिड टाकून पाहणी केली तर मी पहिली स्वयंसेवक.

---

माळरान

रानजाई, अगदी. नांगरलेलं शेत आहे म्हणून काही उरलं नसेल असं धरून चालू नये एवढं तर अमेरिकेतल्या कामाने नक्की दाखवलंय.

---

चिंचपाणी

धागा आवडला म्हणून विचारतो. आम्ही व्हर्जिनियात मनाससच्या जुन्या रणांगणाजवळ राहतो, मुलगा तेरा वर्षांचा, त्याला मेटल डिटेक्टर हवाय वाढदिवसाला. शाळेत कोणीतरी गोळी आणून दाखवली, तेव्हापासून मागे लागलाय. घेऊन द्यावा का? आणि पार्कात नेलं तर चालतं का?

---

कंदील

चिंचपाणी, पार्कात अजिबात नाही!! राष्ट्रीय उद्यानात डिटेक्टर नुसता वापरायलाच नाही, बाळगायलाही बंदी आहे. संघराज्याच्या जमिनीवर विनापरवाना खणणं हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा, दंड होतो, तुरुंगही होतो, गाडी आणि यंत्र जप्त करता येतं. खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने बहुतेक राज्यांत चालतं, पण चालतं म्हणजे करावं असं मला वाटत नाही.

---

माळरान

चिंचपाणी, डिटेक्टर वाईट नाही, लिटल बिगहॉर्नचं निम्मं यश त्या हौशी मंडळींचं आहे. मुलाला तो आवडतोय तर तोडू नका, पण एकट्याने खणायला सोडण्यापेक्षा उत्खननाच्या स्वयंसेवेत न्या. जिल्ह्याचे, राज्याच्या पुरातत्त्व संस्थांचे कार्यक्रम असतात, मुलांना आईबाबांबरोबर घेतात.

आणि तुम्ही मनाससला राहता तर त्याला ही गोष्ट सांगा. २०१४ मध्ये तिथल्या रणांगणावर पाइपलाइनसारख्या कामासाठी चर खणताना हाडं निघाली. पुढे नीट उत्खनन झालं, स्मिथसोनियन म्युझियमच्या डग ओव्ज्ली आणि कॅरी ब्रूवेलहाइड यांनी हाडं तपासली. ऑगस्ट १८६२, मनाससची दुसरी लढाई, जखमींवर उघड्यावर उपचार करणाऱ्या सर्जनने खणलेला खड्डा. आत जवळजवळ पूर्ण अशी दोन माणसं आणि कापून टाकलेले अकरा हातापायांचे भाग. एकाच्या मांडीच्या हाडात एनफील्ड रायफलची गोळी आडवी अडकलेली, मांडीत इतकी वर की पाय कापणंही शक्य नव्हतं. दुसऱ्याला तीन जखमा, दंडाजवळ, जांघेत आणि गुडघ्याखाली. कापलेल्या हाडांवर करवतीच्या खुणा इतक्या स्वच्छ की सर्जनचा हात सरावलेला होता हे कळतं. हाडांतल्या रासायनिक खुणांवरून हे दोघं उत्तरेकडच्या राज्यांतले हे ठरलं, शिवाय कोटाची बटणं होतीच. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्या दोघांना आर्लिंग्टनच्या लष्करी स्मशानभूमीत पुरलं, शवपेट्या त्याच रणांगणावर पडलेल्या ओकच्या लाकडाच्या.

आता विचार करा, ती मांडीतली गोळी कोणी डिटेक्टर घेऊन उचकटून खिशात घातली असती तर? एक वाकडी शिशाची गोळी. एवढंच.

---

टिपूर

हे वाचून सुन्न झालो. एक विचारतो, सर्जनकडे भूल नसायची म्हणून जखमी शिपाई गोळी दातात धरायचे असं वाचलंय, दातांचे व्रण असलेल्या गोळ्या म्युझियममध्येही बघितल्या.

---

माळरान

टिपूर, त्या बहुतेक डुकरांनी चावलेल्या असतात! खरंच. शेतावर डुकरं मोकळी सोडलेली, ती माती उकरताना शिशाच्या गोळ्या चघळायची. खोल, चपटे, दाढांनी चिरडलेले व्रण असतील तर डुक्कर. माणसाचा दात तेवढा खोल जात नाही, आणि क्लोरोफॉर्म-ईथर त्या युद्धात सर्रास वापरत होते. लढाई आणि शेत एकाच गोळीवर वाचायचं म्हणजे हे.

---

ओसरी

लष्कर आणि शेत यावरून आठवलं. आम्ही न्यूयॉर्क राज्यात वॉटरटाउनला होतो, तिथला फोर्ट ड्रम. १९४१ मध्ये तळ वाढवला तेव्हा ७५००० एकर घेतली, ५२५ कुटुंबं उठवली, पाच गावं संपली. हंगामाच्या मधोमध लोकांना जा म्हणून सांगितलं असं तिथले म्हातारे अजून बोलतात. आज त्या सगळ्या शेतांचे पाये सैनिकांच्या सरावाच्या मैदानात आहेत. तिथे लष्कराचेच पुरातत्त्वज्ञ काम करतात. स्टर्लिंगव्हिल नावाचं लोखंडाच्या भट्टीचं गाव होतं, त्याच्या पायांवर कापड, वाळू, खडी टाकून ते असं झाकलंय की वरून सराव झाला तरी खाली काही हलणार नाही. तिथल्याच लॉरी रश यांनी इराक आणि अफगाणिस्तानात जाणाऱ्या सैनिकांसाठी पत्त्यांचे जोड काढले होते, पानापानावर तिथल्या प्राचीन जागा सांभाळा म्हणून सूचना.

रानात फिरताना घर कुठे होतं हे ओळखायची खूण तिथे सगळ्यांना माहीत असते, मधेच लायलॅकचं झुडूप किंवा डे-लिलीचा ताटवा दिसला की थांबायचं. ती झाडं रानात आपोआप येत नाहीत, कोणीतरी दारात लावलेली असतात. जवळ बघितलं की तळघराचा खड्डा, विहिरीचं तोंड.

---

खडकवाट

ओसरी, हे कोयनेच्या, उजनीच्या धरणग्रस्तांना विचारा, लगेच समजेल. पाणी उतरलं की देवळाचा कळस आधी दिसतो.

अमेरिकन लष्कराला पुरातत्त्वज्ञ कशाला ठेवावे लागतात पण? चांगुलपणा की सक्ती?

---

माळरान

सक्ती. १९६६ चा ऐतिहासिक वारसा जतनाचा कायदा आहे, त्याच्या १०६ व्या कलमाप्रमाणे सरकारी पैसा, सरकारी जमीन किंवा सरकारी परवाना लागणारं काहीही करायचं तर आधी बघावं लागतं की तिथे जुनं काही आहे का. रस्ता असो, पाइपलाइन असो, रणगाड्यांचा सराव असो. आधी चाचणी-खड्डे, काही लागलं तर मोठे खड्डे, आणि वाचवता येणारच नसेल तर पूर्ण उत्खनन. अमेरिकेतलं बहुतेक पुरातत्त्व आज याच कारणाने होतं. म्हणून तर साध्या कुळांची, मजुरांची, गुलामांची घरं आता खणली जातात. शंभर वर्षांपूर्वी फक्त जनरलचं मुख्यालय खणायचे.

आणि आदिवासींच्या अवशेषांबद्दल १९९० चा वेगळा कायदा आहे, हाडं आणि पवित्र वस्तू त्या त्या जमातीकडे परत द्याव्या लागतात, म्युझियमनी दशकानुदशकं कपाटात ठेवलेल्यासुद्धा. काम अजून पूर्ण झालेलं नाही, आणि हे फार उशिरा सुरू झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

---

चिंचपाणी

सगळ्यांचे आभार. मुलाला धागा वाचून दाखवला, डुकरांच्या गोळ्यांवर फार खूश झाला, पाइपचं सूत्र वहीत लिहून घेतलंय. डिटेक्टर सध्या नाही, आधी उत्खननाला नेतो. माळरान दादा, जाताना बरोबर काय न्यायचं?

---

माळरान

लांब बाह्यांचा शर्ट, पाणी भरपूर, आणि पँटचे पाय मोज्यात खोचायचे कारण गवतात टिक्स (गोचीड) असतात, घरी आल्यावर अंग नीट तपासा. गुडघे टेकायला जुनी गादीची घडी. करणी आणि चाळणी तिथे मिळते. मुलाला पिशव्यांवर लेबल लिहायचं काम मागून घ्यायला सांगा, बॉलपेन नको, न पुसणारं मार्कर, आणि अक्षर सुवाच्य.